चौकटीतली फुली

मावशीने फुली मारली होती. निळ्या शाईने, चौकटीत मावेल एवढीच, पण ठसठशीत. 'निश्चिंती योजना' नको, म्हणून.

चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईच्या हाताला फुलीचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता. बिनव्याजी हप्त्यांवर वॉशिंग मशीन घेताना दुकानातल्या अर्जावर तिने 'घरपोच हवी'च्या चौकटीत टिक केली आणि योजनेच्या चौकटीत फुली. अर्जाच्या माथ्यावर बारीक अक्षरात छापलं होतं, 'लागू त्या चौकटीत खूण करावी.' हप्त्यांवर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या यंत्राने खूण पाहिली आणि दर हप्त्याला तीनशे एकोणपन्नास जास्त कापायला सुरुवात केली. अठरा हप्त्यांचे सहा हजार दोनशे ब्याऐंशी. योजनेत नेमकं काय मिळतं, हे कंपनीच्या माणसालाही फोनवर सांगता आलं नाही.

"फुली म्हणजे हो?" मावशी त्याला म्हणाली. "मग माझ्या वर्गात कुणी नापासच झालं नसतं."

मी तेव्हा तिला म्हणाले होते, "मावशी, तू नीट वाचलं नसशील गं." मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना न बघता निष्कर्ष काढणाऱ्यांची दिवसभर टर उडवते. आणि घरी येऊन हे बोलले.

मावशीने बँकेत सांगून कपात थांबवली आणि ती नुसता मूळ हप्ता भरू लागली. कंपनीने तिला थकबाकीदार ठरवलं आणि वसुलीवाले तिच्या जुन्या शाळेत फोन करू लागले. तिथली आताची मुख्याध्यापिका तिचीच विद्यार्थिनी. ती घरी आली, चहा न घेता खुर्चीच्या कडेवर बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, अडचण असेल तर आम्ही सगळ्या मिळून काहीतरी करू." मावशीने तिला हसून दारापर्यंत सोडलं. मग दोन दिवस नीट जेवली नाही.

वकीलबाईंचं ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. खालून ड्रिलचा आवाज यायचा. "एकट्या भांडलात तर तुमचे परत देतील आणि बाकीच्यांचे कापत राहतील," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या वतीने एकच खटला घालू. प्रतिनिधी तुम्ही."

कोर्टाच्या आदेशावरून कंपनीने नमुन्यादाखल दोनशे चौदा अर्ज दिले. तीन रविवार मी ते जमिनीवर पसरून मोजले. योजनेच्या चौकटीत फुली असलेले, मावशी धरून, एकशे एकतीस. त्यातल्या एकशे अठरा जणांनी 'घरपोच हवी'च्या चौकटीत टिक केली होती. तोच कागद, तेच पेन, तोच हात. सगळ्या एकशे एकतीस जणांचे पैसे कापले जात होते. मग मी कोरे सोडलेले पाहिले. त्यांच्याकडून एक पैसाही कापला नव्हता. म्हणजे ज्यांनी काहीच म्हटलं नाही ते सुटले होते, आणि ज्यांनी 'नको' म्हटलं नेमके तेच अडकले होते. मी पुन्हा मोजलं. आकडे तेच आले. माझे कान तापले होते.

खटला सगळ्यांच्या वतीने चालवायची परवानगी द्यायची की नाही, हे गुरुवारी ठरणार होतं. सोमवारी कंपनीच्या वकिलाने आम्हाला बोलावलं. गुळगुळीत टेबल, पाण्याच्या सीलबंद बाटल्या. सगळे पैसे परत, वर नुकसानभरपाई, आणि थकबाकीदाराचा शिक्का संध्याकाळपर्यंत पुसला जाईल. मावशीने फक्त सही करून खटल्यातून बाहेर पडायचं.

"ह्या बाहेर पडल्या तर गुरुवारचा परवानगीचा अर्जच पडतो," वकीलबाई मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाल्या. "नवीन माणूस उभा करेपर्यंत निम्म्यांची दावा करायची मुदत संपलेली असेल. पण निर्णय त्यांचा. मी अडवणार नाही."

मावशीने चष्मा लावून कागद वाचला. "इथे लिहिलंय, माझ्याकडून गैरसमजातून खूण झाली."

"तो नुसता मसुदा आहे, मॅडम. खटकत असेल तर शब्द काढू."

"काढा."

त्याने तिथल्या तिथे लॅपटॉपवर शब्द काढून नवा कागद छापून आणला. मावशीने पेनचं टोपण काढलं. मी तिच्या हाताकडे बघत होते. सही कर, असं मला अर्धं वाटत होतं. शाळेतले फोन थांबले असते.

"माझा गैरसमज नव्हता," ती म्हणाली, "मग पैसे कशाबद्दल परत देताय?"

"सदिच्छा म्हणून."

"अच्छा. आणि शाळेत फोन करत होतात, ती काय होती?"

तो हसला. "मॅडम, तो वेगळा विभाग."

"आणि बाकीचे एकशे तीस?"

"ते आपापलं बघतील. त्यांनी तक्रार केलेली नाही."

"केलीय की. चौकटीत केलीय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुम्ही ती वाचून पैसे कापलेत."

"ताई, आपण जरा शांतपणे..."

"तिला शांत नका करू," मावशी म्हणाली. "वर्षभर मी होते शांत. बघितलं काय होतं ते." तिने टोपण लावलं, कागद त्याच्याकडे सरकवला आणि पिशवी उचलली.

जिन्यात मात्र ती दोन पायऱ्या उतरून बसली. मीही तिच्या शेजारी बसले. "मूर्खपणा केला का गं मी? तो शिक्का..."

"नाही," मी म्हणाले. "आणि तेव्हा तो अर्जही तू नीटच वाचला होतास. चुकले मी."

"ते मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "ऊठ, हात दे."

गुरुवारी परवानगी मिळाली. शिक्का अजून तसाच आहे, फोनही येतात. कंपनीने काल उरलेले अर्ज पाठवले, एकोणीस खोकी. मी महिनाभराची रजा टाकली आहे.