सायलेंट मुलगी पाहिजे

चंद्रभागाबाई वाघमारेंची सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात गेली. आधी परगावचे ट्रंक कॉल जोडण्यात आणि पुढे लोकांच्या चौकशांना उत्तरं देण्यात. कानाला कायम हेडफोन आणि त्यात जगाची बडबड. त्यामुळे निवृत्त झाल्यावर बाईंना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शांतता. पण नवरा सुखदेवराव इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, म्हणजे तीही सुखासुखी मिळण्यासारखी नव्हती.

मुलगा अभय बंगळूरला गेल्यापासून त्यांच्या येरवड्याच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी पडली होती. ती एखाद्या नोकरदार मुलीला भाड्यानं द्यायचं ठरलं. बाईंनी मोबाइलवर इंग्रजीत जाहिरात लिहिली आणि त्यात 'सायलेंट' मुलगी पाहिजे, असं ठसठशीत घातलं.

"सायलेंट नव्हे, क्वाएट," सुखदेवराव म्हणाले. "दोन्हींत फरक आहे. अ क्वाएट स्ट्रीट, पण अ सायलेंट..."

"तुमचं कीप क्वाएट वर्गातल्या एका तरी पोरानं ऐकलं का कधी? फोन सायलेंटवर टाकला की कसा मुकाट पडून राहतो. मला तसली पाहिजे."

तसली मिळाली. दीपाली, बार्शीकडची, एका पतपेढीत कामाला. स्वतःच्या मोठ्या आवाजापायी तिच्या आधीच्या दोन खोल्या गेल्या होत्या, त्यामुळे ही टिकवायचीच म्हणून तिनं जाहिरात शब्दशः पाळायला घेतली. चपला जिन्यातच काढून हातात घ्यायची. कुकरची शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात शिजवायची. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायची. काही विचारलं तर नुसती मान हलवायची, होला उभी आणि नाहीला आडवी.

सुरुवातीला बाई खूश होत्या. मग त्यांच्या जिवाला घोर लागला. पोरगी घरात आहे की नाही, जेवली की उपाशी, बरी आहे की आजारी, काही पत्ता लागेना. एकदा ओट्यापाशी मागं वळल्या तर ही पाठीशी उभी. बाईंच्या हातून आमटीचं पातेलं सुटलं, आणि सांडलेली आमटी पुसतानाही पोरगी एक शब्द बोलली नाही.

"बिघडलेल्या लाइनवरसुद्धा खरखर ऐकू येते हो," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"सायलेंट मागवलीस, सायलेंट आली," सुखदेवराव पेपराआडून म्हणाले. "तक्रार कशाची?"

बाईंनी तक्रार गिळली. चुकलं म्हणावं तर हा माणूस फळाच घेऊन बसणार. त्यापेक्षा भुताबरोबर राहिलेलं बरं.

एका संध्याकाळी त्या कोथिंबीर आणायला खाली उतरल्या. पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे उभी राहून, दीपाली फोनवर बोलत होती आणि हसत होती. हसणं असं की वॉचमनलाही ऐकून हसू येत होतं. बाईंनी तिचा आवाज असा मोकळा पहिल्यांदाच ऐकला. ट्रंकवर असताना शिस्त होती, लाइन जोडायची आणि कान काढून घ्यायचा. जन्मभर पाळलेली ती शिस्त बाईंनी त्या दिवशी खांबाआड उभं राहून मोडली.

"घर लई चांगलं हाय, आई," दीपाली सांगत होती. "काकूबी चांगल्या हायत. पर त्यांना भाडं पायजे, माणूस नगं. हितं ऱ्हाऊन मुकी व्हईन मी. म्हैना संपला की सोडते."

बाईंना ते फार लागलं. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं. कोथिंबीर न घेताच त्या वर आल्या.

"अहो, ते तुमचं क्वाएट. काय फरक म्हणालात?"

सुखदेवरावांनी पेपराची घडी घातली. बायको असं काही विचारेल याची ते लग्नापासून वाट बघत होते. "सायलेंट म्हणजे आवाजच नाही. क्वाएट म्हणजे घरात माणूस आहे हे कळतं, पण आपलं डोकं उठत नाही."

"एवढंच? मग आधी सांगायचं."

"सांगितलं होतं."

"मराठीत सांगायचं."

तेवढ्यात दार अलगद उघडलं आणि दीपाली चपला हातात घेऊन आत आली.

"त्या दारात काढायच्या, जिन्यात नाही," बाई म्हणाल्या. "आणि आईला फोन घरातून करायचा."

पोरगी चपापली. "पण काकू, जाहिरातीत..."

"जाहिरातीतलं इंग्रजी चुकलं होतं." हे बाई नवऱ्याकडे न बघता बोलल्या. "मला माणूस पाहिजे, दीपाली. तू राहा."

सुखदेवरावांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि परत मिटलं. सायलेंट म्हणजे काय, ते त्यांनी प्रात्यक्षिकासह दाखवलं.

दीपालीनं खोलीत जाऊन आईला फोन लावला. दार उघडंच होतं. पण सवय अशी जडलेली की घरात आवाज फुटेना. "न्हाई सोडत, आई," ती कुजबुजली. पलीकडे काही ऐकू जात नसावं, कारण तेच ती पुन्हा पुन्हा कुजबुजत होती.

बाई कुकर चढवत होत्या. त्यांनी तिथूनच, कितीतरी वर्षांत न काढलेल्या, ट्रंकवरच्या खणखणीत आवाजात हाक दिली, "बोला पुणे, बार्शी लाइनवर आहे. मोठ्यानं बोला."