डब्यातला दोष

दादा सहा महिन्यांत तिसऱ्यांदा डबा घेऊन माझा जिना चढला, तेव्हा माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. सकाळी त्याच्या बँडमधल्या ड्रमरचा फोन येऊन गेला होता. म्हणाला, तुझ्या भावाची गिटार कानात सुईसारखी टोचते, पुढच्या रांगेतली माणसं उठून मागे जातात, शनिवारच्या कार्यक्रमापर्यंत आवाज सुधारला नाही तर आम्ही दुसरा गिटारवाला बघतोय. बावीस वर्षं एकत्र वाजवल्यावर ही भाषा! मी त्याला म्हटलं, दिवसभर ढोल बडवणाऱ्याने दुसऱ्याला कानाचं शिकवू नये, आणि फोन ठेवून दिला.

दादाचं गाऱ्हाणं नेमकं उलटं. आवाज दबलाय, मेणचट झालाय, वरचे सूर कुठे गेले कळत नाही. माझ्या लेखी विषय तिथेच संपला. दादा म्हणतो दबलाय म्हणजे दबलाय. लहानपणी शेजाऱ्यांचा रेडिओ भिंतीपलीकडे कणसुरा झाला तरी त्याचं तोंड वाकडं व्हायचं. मी हा धंदा शिकले तो त्याच्याच कानावर. सोल्डरचे डाग मी द्यायचे आणि आवाज पसंत-नापसंत तो सांगायचा. आमच्या घरात दादाच्या कानावर शंका घ्यायची पद्धतच नव्हती.

डबा म्हणजे त्याच्या गिटारचा प्रीअँप. गिटारचा चिमुकला आवाज त्यात शिरतो, दोन काचेच्या व्हॉल्व्हमधून मोठा होतो आणि पुढे स्पीकरकडे जातो. हा मीच त्याला बनवून दिलेला. आतला एखादा कपॅसिटर बदलला तरी आवाजाचा स्वभाव बदलतो, आणि असे स्वभाव बदलून देण्यावरच माझं पोट चालतं. लॉन्ड्रीच्या वरची एक खोली, खिडकीशी टेबल, भिंतीला फळ्या. खाली लॉन्ड्रीवाला इस्त्री फिरवतो, वर मी सोल्डरची.

मी झाकण उघडलं. पहिल्या खेपेला मी व्हॉल्यूमच्या नॉबवरचा कपॅसिटर वाळलाय म्हणून काढून वेगळा टाकला होता, त्याने वरचे सूर जास्त पुढे जातात. दुसऱ्या खेपेला एक व्हॉल्व्ह बदलला आणि त्याचा जोर वाढवला. आता तिसरा इलाज करायला घेतला. दादा स्पीकरपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसला होता. मी त्याला टोमणे मारत होते. आदल्या आठवड्यात वहिनी म्हणाली होती की हे हल्ली हाकेला ओ देत नाहीत, तेव्हा मी म्हटलं होतं, कुठल्या बाईचा नवरा देतो? तेही मी त्याला ऐकवलं. तो हसला नाही. त्याने ऐकलं नसावं हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

नवीन डाग दिला, डबा चालू केला, व्हॉल्व्ह तापायची वाट पाहिली आणि नॉब वर नेला. त्याबरोबर स्पीकरमधून शिट्टी सुटली. बारीक, कर्कश, दाताच्या मुळाशी जाणारी. जोर इतका वाढवून ठेवल्यावर दोन वायरी जरा जवळ आल्या की असं होतं. मी एका हाताने कान दाबला आणि दुसऱ्या हाताने लाकडी काडी घेऊन वायर सरकवायला लागले.

"अजून जोडला नाहीस का?" दादाने विचारलं.

तो गिटार मांडीवर घेऊन शांत बसला होता. तेवढ्यात लॉन्ड्रीवाला धापा टाकत वर आला आणि दारातूनच म्हणाला, ताई, ती शिट्टी आधी बंद करा, खाली गिऱ्हाईक कानावर हात ठेवून उभं आहे. वायर सरकली, शिट्टी थांबली. तो पुटपुटत जिना उतरून गेला.

"कसली शिट्टी?" दादा म्हणाला.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे पाहिलं आणि गिटार खाली ठेवली. म्हणाला, जनरेटर लाव.

जनरेटर म्हणजे एकच एक सूर देणारं यंत्र. चकती फिरवली की सूर चढत जातो. आम्ही त्यावर डबे तपासतो. मी आधी डब्याचा नॉब खाली आणला, मग जनरेटर जोडला. दादाने डोळे मिटले. ऐकू यायचं थांबलं की हात वर करतो म्हणाला. मी चकती हळूहळू नेत गेले. पाचशे, हजार, दोन हजार. तीन हजारांच्या जरा पुढे त्याचा हात वर झाला. सूर तर खोलीभर वाजत होता. मी मनात म्हणत होते, खाली कर रे हात, चुकलं म्हण. त्याने डोळे उघडून आकडा वाचला.

"अजून चालू आहे?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण या टेबलावर मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. मी हो म्हटलं आणि यंत्र बंद केलं.

मग त्याने सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. वरचं ऐकू येणं गेलंय, ते परत येत नाही, कानाला मशीन लावा आणि मोठ्या आवाजापासून लांब राहा, असं डॉक्टर म्हणाला होता. घरी त्याने चकार शब्द काढला नव्हता. मी भडकले. मला का नाही सांगितलंस, वरून माझ्याकडूनच आवाज वाढवून घेत राहिलास, असं काय काय बोलले.

तो म्हणाला, "डॉक्टरकडून निघालो तो डबा घेऊन तुझ्याकडेच आलो. म्हटलं, देव करो आणि दोष डब्यात असो. तू म्हणालीस, कपॅसिटर वाळलाय. पुढच्या वेळी म्हणालीस, व्हॉल्व्ह थकलाय. दर वेळी तुला काहीतरी सापडलं. मग मला वाटलं, डॉक्टरच चुकला."

खरं सांगते, तो कपॅसिटर धडधाकट होता. व्हॉल्व्हसुद्धा अजून दोन वर्षं चालला असता. पण तक्रार आली म्हणजे डब्यात दोष असणारच, आणि शोधत बसलं की काही ना काही सापडतंच, ही आमच्या धंद्याची खोड. रिकाम्या हाताने मी आजवर कोणाला परत पाठवलेलं नाही. एकदा जरी म्हटलं असतं की डबा ठीक आहे, तर सहा महिने त्याने ही सुई स्वतःच्या कानात खुपसून घेतली नसती. हे माझ्या हातून झालं.

मी म्हटलं, तू घरी वाजवशील तेवढ्यापुरता वेगळा डबा करून देते, तुला ऐकू येईल असा. त्याने नको म्हणून मान हलवली. कानाच्या मशीनचं शनिवारनंतर बघू म्हणाला, डॉक्टरकडे तूच चल बरोबर. मग डबा माझ्याकडे सरकवला.

"तू घातलेलं सगळं काढ. पूर्वी होता तसा कर."

"मग तुला निम्मंसुद्धा ऐकू येणार नाही, दादा."

"ऐकायला लोक बसलेत. मला बोटांनी कळतं."

तीन जागचे डाग मी एक एक करून सोडवले. तो शेजारी बसून बघत होता. दुपार कलेपर्यंत डबा पुन्हा पहिल्यासारखा झाला. दादाने गिटार जोडली आणि वाजवायला लागला. आवाज इतका भरीव, इतका स्वच्छ होता की मी टेबलाची कड धरून उभी राहिले. वाजवताना तो तारांकडे बघत नव्हता, स्पीकरकडेही नव्हता. तो सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता.

मग थांबून म्हणाला, "शनिवारी समोर बस. टोचायला लागलं तर मला खूण कर."

"आणि नाही टोचलं तर?"

"मग नीट ऐक. माझ्याही वाटचं ऐक."

मी बरं म्हटलं आणि झाकण लावायला घेतलं. चार स्क्रू होते. तीन बसले, चौथा काही केल्या भोकात जाईना, कारण मला समोरचं धड दिसत नव्हतं. दादाने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तो स्वतः बसवला.