घसरायला तयार नसलेली गाडी

मामांना सिनेमात काम मिळायचं ते एकाच कारणासाठी: गाडी घसरवायची आणि हवी तिथे थांबवायची. पडद्यावर नट दिसे, गाडीत मामा असत. नटाच्या केसांप्रमाणे ते टोप बदलत, लागली तर मिशी लावत, आणि एकदा तर नायिकेचे कानातले घालून बसले होते.

गेली दोन वर्षं हे काम बंद होतं. गाड्या आता कॉम्प्युटरवर घसरत. त्यांना टायर लागत नसत आणि मामाही लागत नसत. त्यामुळे एका नव्या दिग्दर्शिकेचं बोलावणं आलं तेव्हा मामांनी आपले चामडी हातमोजे पुसून उन्हात ठेवले आणि बायकोला बजावलं, की काम होईपर्यंत कुणाला बोलू नकोस. बायकोने संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळवलं. त्यातून एक फायदा झाला. सिनेमासाठी गाडी देणाऱ्या कंपनीच्या चाचणी विभागात मामांची सख्खी भाची इंजिनिअर होती, आणि गाडीबरोबर तीच येणार असल्याचं समजलं.

बंद कारखान्यामागचा काँक्रीटचा रस्ता दुपारपर्यंत भाड्याने घेतला होता. टँकरने तो धुऊन चकचकीत ओला केला होता. प्रसंग असा: चोर गाडी घेऊन भरधाव येतो, समोर नायिका दिसते, तो ब्रेक मारतो, गाडी आडवी होऊन घसरत येते आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबते. नायिकेच्या जागी सध्या रस्त्यावरचा नारिंगी कोन उभा केला होता.

दिग्दर्शिकेला सगळे मॅडम म्हणत. वयाने लहान, बोलणं मोजकं. त्यांनी मामांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं. निर्मात्याला हा प्रसंग कॉम्प्युटरवर हवा होता, त्यांनी हट्टाने खरी घसरण मागून घेतली होती. दुपारपर्यंत ती मिळाली नाही तर निर्मात्याचं खरं ठरणार होतं, आणि एकदा त्याचं खरं ठरलं की पुढे कायम तेच. मामांना यातलं आपल्या वाट्याचं बरोबर कळलं. आज जमलं नाही तर हातमोजे माळ्यावर.

त्यांची पद्धत साधी होती. ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग झटक्यात फिरवायचं आणि हँडब्रेक खेचायचा. मागची चाकं जाम होतात, जाम झालेलं चाक जमीन धरत नाही, आणि गाडीचं बूड फिरून पुढे यायला निघतं. मामांनी दार उघडून आत पाहिलं, तर हँडब्रेकच्या दांड्याच्या जागी नखाएवढं बटण होतं. त्यांनी ते बोटाने चाचपून पाहिलं, खेचण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाले, पायाच्या ब्रेकवर भागवू.

पहिल्या वेळी गाडी वेगात आली, मामांनी स्टिअरिंग फिरवलं आणि ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले. गाडी खालून कुरकुरली, शहाण्यासारखी वळली आणि कोनाच्या बाजूला नीट उभी राहिली. शाळेची बस थांबावी तशी. मॅडमच्या साहाय्यकाने टाळ्यांसाठी हात उचलले होते, ते खिशात घातले.

मामा उतरले ते तक्रार घेऊनच. ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं, आतून घरघर येते, काहीतरी मोडलंय.

भाचीने सांगितलं की मोडलेलं काही नाही, ते एबीएस आहे. ती चाकापाशी उकिडवी बसली आणि मामांनाही बसवलं. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते सारखं बघतो. ब्रेक लावल्यावर एखादं चाक एकदम थांबायला लागलं की त्या चाकाचा दाब क्षणभर सोडला जातो, ते फिरलं की पुन्हा धरला जातो, आणि ही धरसोड सेकंदाला कितीतरी वेळा चालते. पायाला लागते ती तीच. फिरत राहिलेलं चाक वळवलं तर वळतं. जाम झालेलं चाक कितीही वळवा, ते सरळच घसरत जातं.

“म्हणजे मी चाक जाम करायचं आणि हिने ते सोडवायचं,” मामा म्हणाले.

“हो. आणि हिचा हात तुझ्यापेक्षा जलद आहे, मामा.”

दुसऱ्या वेळी ब्रेक न लावता नुसतं स्टिअरिंगवर गाडी फेकायची असं मामांनी ठरवलं. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेलं एक बटण होतं. भाचीने सांगितलं की ते दाबून ठेवलं की गाडीची राखण थोडी सैल पडते. थोडी म्हणजे किती, हे विचारायला मामा थांबले नाहीत. बटण दाबलं, पिवळा दिवा लागला, गाडी सुटली. वळणावर मागची बाजू खरोखरच बाहेर निघाली. मामांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी रंग आला. मग थांबवण्यासाठी त्यांनी ब्रेकला पाय लावला मात्र, गाडीने पुढच्या एकाच चाकाला चिमटा काढल्यासारखं केलं, बूड जागेवर आणलं आणि सरळ चालू लागली. थांबली ती कोनाच्या बरीच पुढे.

आता भाचीने दुसरा पाठ घेतला. गाडीच्या पोटात आणखी एक सेन्सर असतो, तो गाडी स्वतःभोवती किती वळतेय हे मोजतो. दुसरा एक स्टिअरिंगवर असतो, तो ड्रायव्हरला कुठे जायचंय ते सांगतो. दोघांचं पटत नसलं, गाडी मागितल्यापेक्षा जास्त वळायला लागली, की बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लागतो आणि गाडी ओढून रेषेवर आणली जाते. बटणाने ही राखण सैल होते, पण ब्रेकला पाय लागला की ती पुन्हा कामाला लागते.

पलीकडे साहाय्यक कॅमेरावाल्याला हळूच, पण ऐकू जाईल इतपत, म्हणाला की नाचता येईना, अंगण वाकडं.

मामांनी वळून पाहिलं. “अंगण वाकडं असतं तर काम कधीच झालं असतं. इथे मी वाकडं पाऊल टाकतो आणि अंगणच ते सरळ करून देतं.”

मॅडम हसल्या, पण घड्याळाकडेही बघितलं.

मग मामांनी भाचीला बाजूला घेतलं. इतका वेळ ते अनुभवी माणसासारखे बोलत होते, आता मामासारखे बोलले. तिला सायकल कुणी शिकवली, पहिल्या मुलाखतीला कुणी नेऊन सोडलं, तिच्या आईच्या तडाख्यातून कितीदा वाचवलं, हे सगळं काढलं. शेवटी मुद्द्यावर आले: बॉनेटखाली फ्यूजची डबी असेल, त्यातला या राखणीचा फ्यूज दोन मिनिटं बाहेर राहिला तर कुणाचं काय जातं?

भाचीने बॉनेटवर हात ठेवला. फ्यूज काढला की डॅशबोर्डवर धोक्याचे दिवे लागतील, आणि डॅशबोर्ड पडद्यावर दिसणार आहे. कंपनीची एकच अट होती, गाडीशी छेडछाड नाही, आणि तसा शब्द तिने स्वतः दिला होता.

“उद्या कुणाला लागलं तर पहिलं नाव माझं निघेल, मामा. तुझं नंतर.”

मामांनी हात जोडले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले की शब्द दिला असेल तर पाळायला हवा, त्यांच्या बहिणीने पोरगी नको तितकी चांगली वाढवली आहे.

तिसरी फेरीही पहिल्यासारखीच झाली. मॅडमनी निर्मात्याला फोन लावण्यासाठी मोबाइल हातात घेतला. मामांना आता आणखी एकदा जायला कुणी सांगितलंही नव्हतं, तरी ते गाडीत बसले आणि रिव्हर्स टाकून तिला सुरुवातीच्या खुणेकडे नेऊ लागले. राग पायात उतरला होता. इंजिन केकाटायला लागलं. अर्ध्या वाटेवर, रस्ता पुन्हा ओला करायला आलेला टँकर आडवा दिसला, त्याला चुकवायला मामांनी स्टिअरिंग झटक्यात फिरवलं, आणि गाडीचं नाक सुटलं. ओल्या काँक्रीटवरून ते रुंद चंद्रकोर काढत फिरलं. कुरकुर नाही, चिमटा नाही. मामांनी ब्रेक दाबला तेव्हाच पेडल थरथरलं, आणि गाडी आडवी, टँकरच्या अलीकडे थांबली.

टँकरवाल्याने आपली बिडी विझली आहे का ते पाहिलं.

मामा उतरून धावत आले नाहीत. चालत आले, पण पावलं लांब पडत होती. “आत्ता हिने मला का अडवलं नाही?”

भाचीने सरळ उत्तर दिलं. मागे जाताना गाडी वळण्याकडे बघत नाही. तिला तसं शिकवलेलंच नाही. एबीएस तेवढं जागं असतं.

“हे सकाळपासून सांगितलं नाहीस?”

“तू विचारलंस पुढे जाताना काय करते ते.”

मामांनी मॅडमकडे जाऊन विचारलं की चोर उलटा आला तर चालेल का. मॅडमनी मोबाइल खाली घेतला. चोर रिव्हर्समध्ये का येईल, असं साहाय्यकाने विचारलं, आणि ते बरोबरच होतं. मॅडम रस्त्यावर एक चक्कर मारून आल्या. टँकरने पुढची वाट अडवली आहे, म्हणून चोर मागच्या मागे पळतोय, असं ठरलं. टँकरवाल्याने शर्ट बदलायला हवा का, याची चौकशी केली. त्याला टँकरमध्येच बसायचं आहे असं कळल्यावर तरीही त्याने केस विंचरले.

भाचीने डॅशबोर्ड तपासला. एकही दिवा लागलेला नव्हता. छेडछाड झाली नव्हती, फक्त दिशा बदलली होती. ती गाडीपासून बाजूला झाली.

मामांनी हातमोजे घट्ट ओढले. गाडी टँकरपासून उलटी सुटली, इंजिन ओरडत आलं, मामांची मान मागे वळलेली. कोन जवळ येताच स्टिअरिंग फिरलं, नाक सुटलं, गाडी आडवी होऊन पाण्याची चादर उडवत घसरली. शेवटच्या टप्प्यावर ब्रेक. सकाळभर मामांचा डाव मोडणाऱ्या त्याच थरथरीने गाडी आवरली. कोन हलला नाही, ओला मात्र झाला.

मॅडमनी ते दृश्य छोट्या पडद्यावर दोनदा पाहिलं आणि निर्मात्याला फोन केला. आवाज ऐकू आला नाही, पण बोलणं लवकर आटोपलं. मग त्यांनी मामांना विचारलं की पुढच्या सिनेमात बस आहे, ती जमेल का. मामा म्हणाले, बसला रिव्हर्स असतो ना, मग बघू.

परत निघताना भाची गाडी पुसत होती आणि मामा तिला फडकं धुऊन देत होते. कंपनीत हे सांगणार का, असं त्यांनी विचारलं. सांगावंच लागेल, ती म्हणाली, जे दिसलं ते कळवणं हेच तिचं काम.

“मग मागे जातानाही पहारा बसेल.”

“बसेल. वर्ष-दीड वर्ष लागतं अशा बदलाला.”

मामांनी फडकं पिळलं. मनातल्या मनात काही हिशेब केला, तो त्यांना पटलेला दिसला.

“घाई करू नकोस, पोरी. चाचण्या नीट होऊ देत.”