हिरव्या शाईचं वर्तुळ

आकाशाच्या फोटोची ती काच परत कपाटात ठेवली असती तर राडिम कुबिश्ताला एक अख्खा दगड मिळत होता. मंगळ आणि गुरू यांच्या मधून फिरणारा, चार-पाच किलोमीटर रुंदीचा, आणि त्याला नाव देण्याच्या हक्कासकट. तोटा एवढाच, की त्यासाठी आणखी चौदा महिने थांबावं लागणार होतं. आणि झोराला, म्हणजे त्याच्या बायकोला, डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली होती. आज सप्टेंबरची वीस तारीख.

त्याने काच पुन्हा खिडकीकडे धरली. सतरा वर्षांपूर्वीचं आकाश उलटं उमटलेलं. पांढऱ्यावर काळे ठिपके.

हा दगड त्याने तीन वर्षांपूर्वी याच टेकडीवरच्या दुर्बिणीतून शोधला होता. पण शोधला म्हणजे आपला झाला, असं नसतं. कक्षा पक्की झाल्याशिवाय अमेरिकेतलं नोंदणी कार्यालय क्रमांक देत नाही, आणि क्रमांक नाही तर नाव नाही. दगड सध्या सूर्याच्या पलीकडे गेलेला. तो परत येईपर्यंत थांबायचं, नाहीतर जुन्या फोटोतला एखादा वेध शोधून काढायचा. राडिमने कक्षा मागे नेत नेत एकोणऐंशीच्या ऑक्टोबरपर्यंत आणली आणि कपाटातून त्या महिन्यातल्या दोन रात्रींच्या काचा काढल्या.

आता कुणी विचारील, एवढे लघुग्रह शोधलेल्या माणसाने बायकोचं नाव आधीच का दिलं नाही? राडिमच्या खात्यावर त्रेचाळीस दगड होते. एकाला त्याच्या गुरुजींचं नाव, एकाला घुमटाचं छप्पर दुरुस्त करून देणाऱ्या नगराध्यक्षाचं, दोहोंना बुद्धिबळातल्या सोबत्यांचं. एक तर दंतवैद्याच्या नावाचा होता. दाढा चांगल्या बसवल्या होत्या त्याने. घरचं माणूस काय, नंतरही चालतं. ते कुठे जातंय?

ठिपका जिथे असायला हवा तिथेच होता. आणि त्याच्याभोवती काचेच्या मागच्या बाजूने बारीक वर्तुळ काढलेलं होतं. हिरव्या शाईने.

राडिमने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पाकिटावरची नोंद वाचली. वेध घेणारा: ओटा ब्रोझेक. दोन्ही रात्रींच्या ठिपक्याच्या जागा मोजून त्याच आठवड्यात कार्यालयाकडे रवाना. तिथे त्या इतकी वर्षं बेवारशी पडून होत्या. त्या दगडाचा आणि राडिमच्या दगडाचा संबंध कुणी जोडलाच नव्हता. जोडला, तर तीन-चार आठवड्यांत क्रमांक. पण मग दगड ओटाचा. आधी ज्याने कळवलं त्याचा, हा नियम.

ओटाशी तो एकोणऐंशीपासून बोलला नव्हता. त्या साली ओटाला कम्युनिस्ट पक्षाच्या कृपेने वेधशाळेच्या संचालकाची खुर्ची मिळाली आणि राडिमला झोरा. तेव्हापासून दोघांचाही डोळा दुसऱ्याला मिळालेल्या गोष्टीवर.

दुपारी तो टेकडी उतरला. ओटा घरामागच्या बाकावर अळंबी चिरत बसला होता. चिरलेल्या चकत्या दोऱ्यात ओवून वाळत टांगलेल्या.

"अरे देवा, कुबिश्तासाहेब! सतरा वर्षांनी! कोण मेलं?"

राडिमने डोक्यावरची टोपी काढली. ओटाची सुरी थांबली.

"झोरा?"

"अजून नाही."

"बस," ओटा म्हणाला. "बाकावरची ती टोपली खाली ठेव आणि बस."

राडिमने सगळं सांगितलं. मोकळेपणाने नव्हे, पाठ केलेल्या अहवालासारखं. शेवटी म्हणाला, "दगड तुझा होईल. नाव तू द्यायचं. तर... तिचं दे."

"'कृपा करून' म्हण."

"कृपा करून."

"थट्टा केली रे, गाढवा." ओटाने सुरी विजारीला पुसली. "देतो की. माझं काय जातंय? पण काच नीट पाहिलीस ना? वर्तुळ कुणाचंय?"

"पाहिलं. हिरवी शाई झोराचीच."

"मग दगड माझा कसा? दुर्बिणीपाशी थंडीत कुडकुडलो मी, हे खरं. पण दिसला तिला. दुसऱ्या दिवशी, काचा तपासताना. डबा तसाच टाकून धावत आली माझ्याकडे. म्हणाली, माझंही नाव घाला. मी म्हटलं, पुढच्या वेळी." त्याने एक किडकी अळंबी गवतात भिरकावली. "दुर्बिणीवरच्या माणसाचं नाव लागायचं. काचांवर डोळे फोडणाऱ्या पोरींचं कुठे कोण लावत होतं? तुझ्याकडे नाही मागितलं कधी?"

"मागितलं होतं. लग्नानंतर, एकदा."

"मग?"

"मी म्हटलं, यादीत एक कुबिश्ता पुरे."

यावर ओटा हसेल असं त्याला वाटलं होतं. ओटा हसला नाही.

"तुझ्या त्रेचाळिसांतले तिला आधी दिसलेले किती?"

राडिमने टांगलेल्या दोऱ्यावरच्या चकत्या बोटाने एकेक करून बाजूला सरकवल्या. बराच वेळ लागला.

"अकरा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला तेव्हा झोरा उशीला टेकून बसली होती. हाताची शीर सुयांनी काळीनिळी झालेली.

"आज कसा काय? रविवार नाही ना? की डॉक्टरांनी बोलावलं?"

"एक दगड आहे. त्याला तुझं नाव देतोय. महिन्याभरात होईल."

"अगं बाई! दंतवैद्यानंतर माझा नंबर लागला म्हणायचा."

त्याने काचेवरून काढलेला फोटो तिच्या हातात दिला आणि ठिपका दाखवायला बोट पुढे केलं. तिचं बोट आधीच तिथे पोचलं होतं.

"हा ओरखडा माझा. पेनाच्या टोकाने पडला. ओटा केवढा ओरडला होता! आणि हा त्याच्या डावीकडे..." ती थांबली. "हाच?"

"हाच. नोंद ओटाच्या नावावर आहे. तो देणार आहे तुझं नाव."

"आणि मला दिसला होता, ते?"

खालच्या अंगणात कुणीतरी पानं झाडत होतं. राडिम ते बघत राहिला.

"ओटा म्हणतो, खरं लिहायला त्याची हरकत नाही."

"तुझी?"

"खरं लिहिलं तर नाव तुझं देता येणार नाही. शोधणाऱ्याने स्वतःचं—"

"माहितीये. तूच शिकवलंस." तिने फोटो परत केला. "खरं लिही."

"झोरा, नाव कायमचं राहतं. लोकांच्या तोंडी—"

"दंतवैद्य झाला का लोकांच्या तोंडी?" ती हसली आणि खोकली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "एवढा एकच लिहिणार आहेस?"

"नाही. हा एक आणि अकरा. बारा."

"मोजलेस?"

"अळंबीच्या चकत्यांवर."

"बरं केलंस." तिने डोळे मिटले. तो उठायला लागला तसं म्हणाली, "नाव द्यायला दहा वर्षं असतात ना रे?"

"क्रमांक मिळाल्यापासून. हो."

"मग घाई काय? विचार करीन."

क्रमांक नोव्हेंबरच्या चार तारखेला आला. झोराला जाऊन सहा दिवस झाले होते.

आज कुणी यादी उघडली, तर हिशेब असा दिसतो. ओटाचा एक गेला; तो त्याचा कधी झालाच नव्हता. राडिमच्या त्रेचाळिसांचे बत्तीस उरले. झोराच्या नावापुढे बारा लागले, पण त्यांतल्या अकरांना नावं राडिमने पूर्वीच देऊन टाकली होती आणि दिलेलं नाव परत घेता येत नाही. दंतवैद्य तिच्याच वाट्याला आला, नगराध्यक्षही. बाराव्यापुढे नुसता क्रमांक आहे.

दहा वर्षांची मुदत केव्हाच संपली. त्यानंतर नाव कुणीही सुचवू शकतं, म्हणून कार्यालयाने वेधशाळेला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा राडिमने एका ओळीत उत्तर पाठवलं: शोधणारीचा विचार चालू आहे.