पांढरी अक्षरं

नॉर्वेतल्या मोल्दे गावच्या बोर्गिलने बासष्टाव्या वर्षी कॉम्प्युटर घेतला, तो योरुनच्या आग्रहाने. दोघींनी तीस वर्षं एकाच शाळेत शिकवलं होतं. योरुनने गणित, बोर्गिलने विणकाम. इंटरनेटवरच्या विणकामाच्या फोरमवर योरुन आधीपासून होती. तिने बोर्गिलच्याच स्वयंपाकघरात बसून तिला धडे दिले. शब्द ठळक हवा असेल तर त्याच्याआधी चौकोनी कंसात ‘बी’, शब्द संपला की पुन्हा तसाच कंस, आत तिरकी रेघ घालून. रेघ विसरलीस तर खालचं सगळं ठळक होईल, असं तिने बजावलं, आणि बोर्गिल पहिल्याच दिवशी विसरली.

मग बोर्गिल हातमोज्यांचे फोटो टाकू लागली. योरुनचं कौतुक सगळ्यांत आधी यायचं. त्याखाली बाकीच्या बाया हसरे चेहरे टाकत. मोठी आनंदी माणसं आहेत, असं बोर्गिलला वाटे.

मार्चमधल्या एका सकाळी योरुनचे शब्द वर ठेवून तिचे आभार मानावेत म्हणून बोर्गिलने ‘उद्धृत करा’चं बटण पहिल्यांदाच दाबलं. चौकटीत योरुनचा मजकूर कंसांसकट उघडा पडला. ‘सुंदर, बोर्गिल!’ आणि पुढे कंसात रंगाची खूण: पांढरा. तिच्यामागे लिहिलं होतं, ‘अंगठा बघा, बायांनो. हातमोजा आहे की गाईचं आचळ?’

फोरमचं पान पांढरंच. ती ओळ कुणाला दिसत नसे. जिला ठाऊक असेल ती माऊस दाबून त्या जागेवरून फिरवून अक्षरं उजळवून वाचत असे.

बोर्गिलने जुनी उत्तरं एकेक करून उघडली. तेवीसपैकी एकोणिसांत पांढरी ओळ होती. नवरा आर्विड गेल्यावर त्याच्यासाठीचा अर्धा राहिलेला स्वेटर तिने पुरा केला होता, त्याखालीही होती: ‘आर्विड सुटला, घालावा लागला नाही.’

तिने फोन केला. बटण दाबल्यावर काय दिसलं ते सांगितलं.

“तू ते बटण कशाला दाबलंस?” योरुन म्हणाली.

“आर्विडचं का लिहिलंस?”

“अगं, गंमत गं. तू फार मनाला लावून घेतेस.”

बोर्गिलने फोन ठेवला. ती स्वेटरखालची ओळ तिने पुन्हा उद्धृत केली आणि एकच शब्द बदलला: पांढऱ्याच्या जागी काळा. स्वतःचं एक अक्षरही घातलं नाही. सगळे कंस, तिरकी रेघ तपासली आणि पाठवून दिलं.

दुपारपर्यंत कित्येकींनी आपले हसरे चेहरे काढून टाकले. ट्रोम्सोच्या एका बाईने लाज वाटते म्हणून खाजगीत लिहिलं.

आठवड्याने मासळीच्या दुकानात दोघी समोरासमोर आल्या.

“चारचौघांत माझी अब्रू घालवलीस,” योरुन हळूच म्हणाली.

“लिहिलेलं तुझंच होतं.”

बोर्गिलने कॉड मासा घेतला आणि घरी आली. केसाने गळा कापला म्हणतात तो असा, हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण असलं काही सांगायला तिला आजवर एकच माणूस होतं, योरुन.