नळीबाबाचे मौन

त्या रविवारी चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत जो तो दौलतरावांच्या अंगणाकडे पळत होता. नळीबाबा आले होते. रोग्याच्या बेंबीवर पितळी नळी टेकवायची, तोंडाने ओढायचे आणि ताटात केसांचा काळा गोळा थुंकायचा, ही त्यांची ख्याती. गोळा पडला की करणी सुटली.

खाटेवर दौलतरावांची बायको सत्यभामा होती. दाढदुखीसाठी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स तिने संपवला आणि वर शेजारणीच्या घरी उरलेल्या तसल्याच गोळ्याही घेतल्या. आमच्या कॉलनीत उरलेली भाजी आणि उरलेली गोळी कुणी वाया घालवत नाही. मग जुलाब लागले ते थांबेचनात. ताप चढला, पोट फुगले, डोळे खोल गेले. बाई मरणाच्या दारात, आणि नवरा नारळ-उदबत्ती मांडून बसलेला! माझे डोकेच फिरले.

"दौलत, दवाखान्यात ने ना तिले!"

"इंग्रजी गोळ्यानंच तर हे झालं. बाबा पहिले त्याच बंद करायले लावते. आपल्या कॉलनीतल्या भागीरथाले असेच जुलाब होते, ते बाबाच्याच हातानं बरी झाली ना? तू कावून आडवा येऊन राहिला?"

बाबांची टकळी चालूच होती. "माई, ही करणी मालगाडीवानी लांब आहे! डबे नाही मोजत मी, सीधा इंजिनच उपटतो!"

जयजयकार झाला. बाबा शुद्ध व्हायला आत जाऊन आले आणि एकदम गप्प झाले. ओढण्याआधी मौन असते, असे चेल्याने सांगितले.

दौलतरावांची सून मोना पाण्याचा पेला घेऊन पुढे झाली. "बाबा, आधी चूळ भरा."

बाबांनी जोरात मान हलवली.

"बरं, चूळ राहू द्या. नुसतं आपलं नाव सांगा."

पोरे फिदीफिदी हसली. बाबांनी डोळे वटारले, त्यांना ठसका लागला आणि तोंडातला गोळा टपकन ताटात पडला. नळी अजून चेल्याच्याच हातात होती!

तासाभरात सत्यभामा दवाखान्यात होती. शौचाची तपासणी झाली आणि डॉक्टर उन्नतींनी सांगितले, "अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतूही मरतात. रिकाम्या जागेत एक वाईट जंतू माजलाय आणि विष सोडतोय. त्याच्यावर वेगळं औषध द्यावं लागेल."

"मग भागीरथाले असेच जुलाब होते, बाबानं गोळ्या बंद केल्या, ते कशी बरी झाली?" दौलतरावांनी विचारले.

"गोळ्या बंद झाल्या म्हणून. पुष्कळांचं पोट तेवढ्यानंच सावरतं. यांचं तेवढ्यानं भागलं नसतं."

म्हणजे बरे करायचे आतड्याने आणि नारळ घ्यायचा बाबाने!

सलाइन लागले, औषध लागू पडले. सत्यभामा उठून बसली आणि पहिल्यांदा नवऱ्याकडे वळली. "मी मेली असती, तर तो बाबा म्हणाला असता, करणीच जबर होती. अन् तुमी मान डोलावली असती."



लोकहो, बरे झालो तर बाबांची कृपा आणि मेलो तर करणी जबर, असे म्हणणारा कधी खोटा ठरतच नाही. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गोळ्यांनंतर जुलाब लागले तर डॉक्टरकडे जा, आणि दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तोंडात टाकू नका.