हौदात उतरण्याआधी

“आधी त्ये ब्रेकर लावा, मंग मी हौदात उतरते,” असं म्हणून सरजाबाईने खराटा काठाला टेकवला.

पिंगळीजवळच्या मळ्यात बन्सीधररावांनी नातवंडांसाठी पोहायचा हौद बांधला होता. नातवंडं औरंगाबादहून परवा यायची होती. मोटार हिरवं पाणी उपसत राहायची आणि सरजाबाई गुडघाभर पाण्यात शेवाळ घासायची, हे तिचं दर उन्हाळ्याचं काम. या खेपेला मात्र पाण्यात पाय टाकला की पोटऱ्यांना झिणझिण्या येत होत्या.

“अशक्तपणा हाय तुला. गूळ-शेंगदाणे खात जाय,” बन्सीधरराव म्हणाले.

“घरी येत न्हाईत झिणझिण्या. हितंच येतेत.”

वायरमन दत्तराव दोन ब्रेकर घेऊन आला होता. एक, जरासा करंट गळाला तरी लाईन तोडणारा. दुसरा, बराच गळाल्याशिवाय न हलणारा.

“दुसराच लाव, दत्ता. पाव्हण्यांसमोर घडीघडी लाईट गेली तर इज्जत ऱ्हाईल का?”

“मालक, त्यो आग लागू न्हाई म्हणून असतोय. माणसासाठी पहिला.”

“मंग पहिलाच,” सरजाबाई म्हणाली. “मी काय कडब्याची गंजी हाय का?”

बन्सीधररावांचा आवाज चढला. “नामांतराचे मोर्चे निघाल्यापासून तुमी लोकं लय बोलायलात.”

“मोर्चात बी गेलते मी, मालक. ह्याच पायांनी.”

दत्तराव हसू दाबत पंपघरात शिरला. त्याने पहिला ब्रेकर जोडून पाहिला. मोटार चालली. मग उजेडासाठी बल्बचं बटन दाबलं आणि सगळंच बंद पडलं.

“बोगस माल हाय!” बन्सीधरराव बाहेरून ओरडले.

दत्तरावने त्यांना आत बोलावून बल्बची वायर दाखवली. आमच्या गावाकडे न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची वायर, गेला की बल्बची एक वायर जमिनीतल्या अर्थच्या सळईला बांधतात, उजेड पडतो. न्यूट्रल परत येतो, गाठ तशीच राहते. मोटारीची अर्थही त्याच सळईला होती. भोवतालची माती वाळून खडक झालेली, करंट जमिनीत मुरत नव्हता. बल्ब लागला की करंट सळईवरून मोटारीत आणि मोटारीतून पाण्यात. ही गळती ओळखूनच ब्रेकरने लाईन तोडली होती.

गाठ बन्सीधररावांनीच मारली होती.

“सोड ती,” ते म्हणाले. “झालं. आता ब्रेकर कशाला?”

“पुन्यांदा न्यूट्रल गेला की पुन्यांदा बांधताल,” सरजाबाई दारातून म्हणाली. “नातवं ह्याच पाण्यात उतरणार हायत ना?”

बन्सीधररावांनी हौदाकडे पाहिलं.

“पहिला लाव,” ते दत्तरावला म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, “तू जाय घरी. उद्यापासून येऊ नको.”

“नका बोलावू. पर त्ये लावस्तोर मी हालत न्हाई.”

ती काठावर बसून राहिली. दत्तरावने शेवटचा स्क्रू आवळला, तपासणीचं बटन दाबलं. खटका पडला, मोटार थांबली. तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या रानात भुईमूग उपटायला निघाली होती. मळ्यात मोटार चालू होती. तिच्याच गल्लीतली बायनाबाई हौदात उभी राहून शेवाळ घासत होती. सरजाबाई कुंपणापाशी थांबली आणि तिच्या पोटऱ्यांकडे बघत राहिली. बायनाबाई आरामात घासत होती, मध्येच काहीतरी गुणगुणत होती. मग सरजाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती रानाकडे वळली.